‘एक चिकित्सक अभ्यास’ : कर्मचाऱ्याची पोस्ट, मालकाचा नियम आणि आपला सिनॉप्सिस



‘सातारा व सांगली जिल्ह्यातील आस्थापनांमध्ये कर्मचाऱ्यांचा सोशल मीडिया वापर व व्यवस्थापनापुढील कायदेशीर समस्या : एक चिकित्सक अभ्यास’. अशा धाटणीचं शीर्षक तुम्ही अजून पाहिलं नसेल, तर पेट पास झाल्यावर लवकरच पाहाल. कदाचित स्वतःच लिहाल. विषय चांगला आहे, ताजा आहे, आणि इथल्या हजारो लोकांच्या पगाराशी त्याचा थेट संबंध आहे. शीर्षकाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या पानापासून सुरू होते. नमुना १०० जणांचा, ५० व्यवस्थापक आणि ५० कर्मचारी. पाच पर्यायांची प्रश्नावली. गृहीतक असं की ‘कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापरामुळे आस्थापनांना कायदेशीर अडचणी येतात.’ शेवटी टक्केवारीचे तक्ते, आणि शिफारस एकच : कडक धोरण हवं.

मी विज्ञान शाखेची. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. पण मोजमाप करण्याआधी काय मोजतोय ते ठरवावं लागतं, एवढं प्रयोगशाळेनं शिकवलंय. त्याच नजरेनं आज दोन कागद वाचूया. एक शासन निर्णय आणि एक निकाल. दोन्ही महाराष्ट्रातले, दोन्ही अलीकडचे. ते नीट वाचले की वरच्या सिनॉप्सिसमध्ये काय चुकतंय ते आपोआप दिसतं.

पहिला कागद : २८ जुलै २०२५ चा शासन निर्णय

सामान्य प्रशासन विभागानं हा निर्णय काढला. आधार आहे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. मार्च २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत या नियमांत सोशल मीडियाची भर घालण्याचं सांगितलं होतं, त्यानंतर हे आलं. शासकीय कर्मचारीच नव्हे, तर स्थानिक स्वराज्य संस्था, मंडळं, महामंडळं, प्रतिनियुक्तीवरचे आणि कंत्राटी कर्मचारी हेसुद्धा त्याच्या कक्षेत येतात. म्हणजे सातारा किंवा सांगली जिल्हा परिषदेत कंत्राटावर लागलेला आपला एखादा मित्रही आलाच.

यातल्या बऱ्याच सूचना सरळ आहेत. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा. गोपनीय कागद परवानगीशिवाय टाकू नका. बंदी असलेली ॲप वापरू नका. बदली झाली की कार्यालयीन खातं पुढच्या माणसाकडे सोपवा. कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम चालेल. प्रोफाइल फोटो सोडून वैयक्तिक खात्यावर शासकीय चिन्ह, गणवेश, गाडी, इमारत यांचे फोटो नि रील नकोत. यातली प्रत्येक गोष्ट तपासता येते. रीलमध्ये सरकारी गाडी आहे की नाही हे दोन वेगळ्या माणसांनी पाहिलं तरी उत्तर एकच येईल. संशोधनाच्या भाषेत ही कार्यकारी व्याख्या झाली.

आता दुसऱ्या प्रकारच्या सूचना बघा. शासनाच्या धोरणावर किंवा कृतीवर प्रतिकूल टीका करू नये. योजनेच्या यशाबद्दल लिहावं, पण स्वतःची स्तुती होऊ देऊ नये. इथं दोन माणसांचं उत्तर एक येईलच असं नाही. ‘आमच्या आरोग्य केंद्रात चार महिने औषधं आली नाहीत’ हे वाक्य वस्तुस्थिती आहे की धोरणावर टीका? ‘आमच्या गटानं हे काम वेळेत पूर्ण केलं’ ही माहिती की स्वस्तुती? कागदावर याचं उत्तर नाही. ते वरिष्ठांच्या मनात आहे, आणि वरिष्ठ बदलला की उत्तरही बदलू शकतं.

माझा मुख्य आक्षेप इथं आहे. आपण नियमाला ‘कडक’ किंवा ‘सैल’ म्हणून मोकळे होतो. खरा प्रश्न तो किती स्पष्ट आहे हा असायला हवा. गाडीचा रील नको हा नियम कडक आहे पण स्पष्ट आहे, माणूस तो पाळू शकतो. प्रतिकूल टीका नको हा नियम अस्पष्ट आहे, म्हणून माणूस तो पाळायला गेला की गप्पच बसतो. ज्यानं काही लिहिलंच नाही तो कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

हा वाद फेसबुकच्या कितीतरी आधीचा आहे हेही लक्षात ठेवा. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सांगितलं की सरकारी नोकरीत शिरताना माणूस आपले मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही. त्याच वर्षी ओ. के. घोष विरुद्ध ई. एक्स. जोसेफ या खटल्यात केंद्राच्या वर्तणूक नियमांतली काही बंधनं टिकली नाहीत, आणि ते प्रकरण मुंबईतल्या लेखा खात्यातलं होतं. अलीकडे, जानेवारी २०२० मध्ये, त्रिपुरा उच्च न्यायालयात एका निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या महिला कर्मचाऱ्याची फेसबुक पोस्ट आली. मुख्य न्यायमूर्ती अकील कुरेशी यांनी तिच्यावरची विभागीय चौकशी रद्द केली, आणि सरकारी कर्मचारी म्हणून अभिव्यक्तीचा हक्क संपत नाही, तो नियमांच्या चौकटीत राहतो, असं स्पष्ट केलं. म्हणजे अस्पष्ट नियम नियोक्त्यालाही महागात पडतो. कारवाई झाली, वर्षं गेली, आणि शेवटी ती टिकली नाही. ‘व्यवस्थापनापुढील समस्या’ म्हणतो त्यातली एक ही आहे. आणि ती कर्मचाऱ्यानं निर्माण केलेली नाही.

दुसरा कागद : डिसेंबर २०२३ चा निकाल

पुणे जिल्ह्यातल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या हिताची अस्टेमो फाय या कंपनीचं हे प्रकरण. वेतनाचा वाद चालू असताना एका कामगारानं फेसबुकवर दोन पोस्ट टाकल्या. कंपनीनं आरोपपत्र दिलं, चौकशी केली, कामावरून काढलं. कामगार न्यायालय कामगाराच्या बाजूनं गेलं. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी मात्र कंपनीचं म्हणणं मान्य केलं. पोस्ट चिथावणीखोर होत्या, कंपनीविरुद्ध द्वेष पसरवण्याचा हेतू दिसतो, आणि असे प्रकार सुरुवातीलाच थांबवले पाहिजेत, परिणाम होईपर्यंत वाट पाहायची गरज नाही, असा निकालाचा रोख आहे.

निकालाला एक बाजू आहे, ती आधी मान्य करूया. शिस्तीच्या कायद्यात प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावंच लागतं असं नाही. कारखान्यात आग लागेपर्यंत काडी ओढणाऱ्याला कुणी थांबवायचं नाही, असं कोण म्हणेल? पगाराच्या वादात वातावरण तापलेलं असतं हेही खरं.

पण संशोधक म्हणून मला इथं एक जागा खटकते. काडी आणि पोस्ट यांत फरक आहे. काडीचा परिणाम काय होतो ते आपल्याला माहीत आहे. पोस्टचा परिणाम किती लोकांनी वाचली, कुणी वाचली, वाचून काय केलं, यावर ठरतो. हेतू आणि शक्यता यांवर जेव्हा शिक्षा ठरते, तेव्हा शिक्षेचं प्रमाण फार जपून मोजायला हवं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्यात, चौथ्या अनुसूचीत, हे मोजमाप लिहूनच ठेवलंय. किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी, माणसाचा आधीचा सेवाकाळ न पाहता, धक्कादायक वाटेल इतकी मोठी शिक्षा देणं ही अनुचित प्रथा आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या अनुसूचीतही हे तत्त्व आहे. दोन पोस्टसाठी ताकीद, वेतनवाढ रोखणं, निलंबन, बडतर्फी अशी चढती पायरी असू शकते. थेट शेवटची पायरी का, याचं उत्तर प्रत्येक प्रकरणात वेगळं द्यावं लागेल. एका निकालावरून ‘फेसबुक पोस्ट म्हणजे बडतर्फी’ असा निष्कर्ष सिनॉप्सिसमध्ये काढू नका.

शेजारी आणखी दोन निकाल ठेवा. ग्लॅक्सो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की स्थायी आदेशांत ‘आस्थापनेच्या आवारात किंवा लगत’ असे शब्द असतील तर ते काटेकोरपणे वाचायचे, हवे तसे ताणायचे नाहीत. मग रात्री घरी बसून टाकलेली पोस्ट कुठल्या आवारात झाली? आणि २०२३ मध्येच मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं एका ग्रामीण बँकेच्या कर्मचाऱ्यावरचं आरोपपत्र रद्द केलं. त्यानं सहकाऱ्यांच्या खासगी व्हॉट्सॲप ग्रुपवर वरिष्ठांवर राग काढला होता. मन मोकळं करायचा हक्क आहे, असं न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी म्हटलं. एकाच वर्षातले दोन निकाल, दोन दिशा. फरक कशात आहे? सगळ्यांना दिसणारी पोस्ट आणि बंद ग्रुप यात? खासगी कारखाना आणि बँक यात? चिथावणी आणि वैताग यात? तुमचा संशोधन प्रश्न इथं दडलाय. तो प्रश्नावलीत सापडणार नाही.

स्क्रीनशॉट हा पुरावा आहे का?

बहुतेक प्रकरणं एका स्क्रीनशॉटवर उभी असतात. तो कुणी काढला, कधी काढला, मूळ पोस्ट अजून आहे का, हे न विचारता नोटीस निघते. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे पक्कं केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्रात हॅश मूल्यही नोंदवायचं आहे. खात्यांतर्गत चौकशीला पुराव्याचा कायदा तितका काटेकोर लागू होत नाही, हे खरं. पण नमुना कुठून आला ते न लिहिता निष्कर्ष काढला तर आपला पेपर परत येतो. इथं माणसाची नोकरी जाते.

मग काय करायचं?

वरच्या सिनॉप्सिसमधलं गृहीतक पाहा. ‘कर्मचाऱ्यांच्या वापरामुळे अडचणी येतात’ असं लिहिलं की कारण आधीच ठरलं. व्यवस्थापकाला ‘त्रास होतो का’ विचारलं तर तो हो म्हणणारच. दुसरा दोष नमुन्याचा. निकालपत्रांत दिसतात ती भांडायची ताकद असलेली माणसं. नोटीस हातात पडल्यावर पोस्ट काढून, माफीनामा देऊन गप्प बसलेले, कंत्राट पुढं न वाढवलेले, यांची नोंद कुठंच नाही. छेद माहीत नसताना टक्केवारी काढायची कशी?

त्यापेक्षा हे करून पाहा. सातारा, कुपवाड, मिरज इथल्या औद्योगिक वसाहतींमधल्या पंधरा-वीस आस्थापनांचे सेवानियम मिळवा. नव्या संहितेत ३०० किंवा जास्त कामगार असतील तरच स्थायी आदेश बंधनकारक आहेत. त्यामुळे छोट्या कारखान्यांत नियम मुळात लिहिलेला आहे का, हाच पहिला शोध असू शकतो. मिळालेल्या नियमांतली वाक्यं ‘तपासता येणारी’ आणि ‘मतावर अवलंबून’ अशी दोन रकान्यांत लावा. हे काम दोघांनी स्वतंत्रपणे करा आणि किती ठिकाणी एकमत होतं ते मोजा. माहिती अधिकारात जिल्हा परिषदांकडून फक्त आकडे मागा : सोशल मीडियावरून किती नोटिसा, किती चौकश्या, शिक्षा कोणत्या. नावं मागू नका, लागतही नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीच्या रिट याचिका कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, तेव्हा पुढचे निकाल मुंबईला न जाता जवळच वाचायला मिळतील.

‘समस्या’ या शब्दात फक्त बदनामी धरू नका. ऑफिसच्या ग्रुपवर एखादी व्यक्ती सहकारी महिलेला नको ते संदेश पाठवत असेल तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यानुसार नियोक्त्यावर जबाबदारी येते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. इथं नियोक्त्यानं बघ्याची भूमिका घेतली तर तोच अडचणीत. म्हणजे एकीकडे जास्त ढवळाढवळ, दुसरीकडे अजिबात लक्ष न देणं, दोन्हीकडे कायदा उभा आहे.

एक शेवटची काळजी. कुणाची पोस्ट प्रबंधात जशीच्या तशी उतरवू नका, नाव खोडलं तरी. मराठी वाक्य शोधयंत्रात टाकलं की माणूस दोन मिनिटांत सापडतो, आणि त्याच्या साहेबालाही सापडतो. आशय आपल्या शब्दांत लिहा, संमती घ्या.

१९२० साली आपल्या किर्लोस्करवाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याचा आवाज छापायला तेव्हा मालकाकडे छापखाना होता. कामगाराच्या हातात छापखाना यायला फोनपर्यंतची शंभर वर्षं गेली. या शंभर वर्षांत कोण बोललं आणि कुणाला बोलायची किंमत मोजावी लागली, हे शोधलं तर शीर्षकातला ‘चिकित्सक’ शब्द तुम्ही खरा केला असं म्हणता येईल.