मॅज-एमएल ते मॅज-टॅब: डेटाचं मानक नेमकं कोणासाठी?

पीएच.डी.ला लागलात की कोणीतरी तुम्हाला सांगेलच, "आधी जुन्या पेपरचा डेटा उतरवून घे आणि त्यावर हात बसव." सल्ला चांगला आहे. पण फाइल उघडल्यावर हजारो आकडे दिसतात आणि कोणता आकडा कोणत्या नमुन्याचा, हेच कळत नाही. डेटाची सामायिक मानकं लागतात ती यासाठी. आज मायक्रोअरेच्या क्षेत्रातली दोन मानकं तपासू. दोन्ही एकाच कामासाठी तयार झाली; एक मागे पडलं, दुसरं टिकलं.

सुरुवात 2001 मध्ये झाली. 'एमआयएएमई' या नियमावलीने ठरवलं की जनुक-अभिव्यक्तीच्या प्रयोगाबद्दल किमान काय सांगायलाच हवं: कच्चा डेटा, प्रक्रिया केलेला डेटा, नमुन्यांची माहिती, प्रयोगाची रचना, अरेचा तपशील आणि वापरलेल्या पद्धती. काय सांगायचं ते ठरलं, कोणत्या साच्यात सांगायचं ते नाही. तो साचा 2002 मध्ये मॅज-एमएलने दिला. त्यामागचं डेटा मॉडेल शंभराहून जास्त क्लासेसचं होतं आणि फाइल एक्सएमएलमध्ये.

मॉडेल म्हणून ते खरंच विचारपूर्वक केलेलं होतं. अडचण अशी, की ते भरणार कोण? प्रयोग करणाऱ्याला एक्सएमएल येत नव्हतं आणि लहान लॅबमध्ये प्रोग्रामर नसतो. शिवाय एकच प्रयोग त्या मॉडेलमध्ये वेगवेगळ्या तऱ्हेने मांडता यायचा, म्हणजे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचीही पंचाईत.

2006 मध्ये मॅज-टॅब आलं. यात साधे तक्ते आहेत, स्प्रेडशीटमध्ये उघडणारे. सगळ्यात महत्त्वाचा तक्ता 'एसडीआरएफ'. त्यातली एक ओळ डावीकडून उजवीकडे वाचा: मूळ नमुना, त्यातून काढलेला आरएनए, त्याचं लेबलिंग, मग अरे आणि शेवटी डेटा फाइल. प्रयोग जसा घडला, त्याच क्रमाने. माझ्या मते हाच निर्णय बरोबर होता, कारण ज्याच्याकडे माहिती आहे त्यालाच ती भरता येते.

पण मॅज-टॅबचं नुसतं कौतुक करून भागणार नाही. रकान्याचं नाव ठरलेलं असलं तरी आत काय लिहायचं यावर पकड सैल आहे. एक जण 'कंट्रोल' लिहितो, दुसरा 'अनट्रीटेड', तिसरा नुसतं 'सी1'. माणूस अंदाज बांधेल, सॉफ्टवेअर नाही. यावर उपाय म्हणजे ठरवून दिलेली शब्दावली, म्हणजेच ऑन्टॉलॉजी. आणि स्प्रेडशीटचे स्वतःचे उपद्व्याप आहेतच: 'सेप्ट2' या जनुकाच्या इंग्रजी नावाची एक्सेल गुपचूप तारीख करून टाकतं. शेवटी 2020 मध्ये अशा जनुकांची नावंच बदलावी लागली!

याची किंमत किती? 2009 मध्ये एका गटाने 'नेचर जेनेटिक्स'मधल्या, 2005-06 मध्ये छापलेल्या 18 मायक्रोअरे पेपरांचं विश्लेषण पुन्हा करून पाहिलं. 2 जमले, 6 अर्धवट किंवा थोड्या फरकाने जमले, 10 जमलेच नाहीत. मुख्य कारण, डेटा मिळालाच नाही. जिथे मिळाला तिथे नमुन्यांचं वर्णन किंवा प्रक्रियेचा तपशील अपुरा. तेव्हा एमआयएएमई येऊन चार-पाच वर्षं झाली होती. म्हणजे नियम होता, साचाही होता, तरी वाचकाच्या हाती पुरेसं काही लागलं नाही.

म्हणून कुठलंही मानक तपासताना त्याचं मॉडेल किती देखणं आहे हे नंतर बघा. आधी दोन प्रश्न विचारा: बेंचवर काम करणारा ते स्वतः भरू शकतो का? आणि पेपर न वाचलेल्या माणसाला त्यातून प्रयोग कळतो का? तुमचा पहिला डेटासेट जमा करण्याआधी तो तक्ता शेजारच्या लॅबमधल्या मित्राला द्या आणि विचारा, "यातली कंट्रोलची फाइल कोणती?" त्याला तुम्हाला फोन करावा लागला, तर तक्ता अजून अपुरा आहे.