रग्बी शाळेची परंपरा आणि ह्यूजची साक्ष

१५६७ मध्ये स्थापन झालेल्या रग्बी शाळेच्या परंपरेचे विवेचन बहुधा टॉमस ह्यूजच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ (१८५७) या कादंबरीच्या आधारे केले जाते. लेखक त्या शाळेचा माजी विद्यार्थी असला, तरी कादंबरी ही कादंबरी म्हणूनच वाचावयास हवी.

१८२८ मध्ये मुख्याध्यापक झालेल्या टॉमस आर्नल्डने धर्म व नीती यांना अग्रस्थान, सभ्य वर्तनाला दुसरे आणि बुद्धिविकासाला तिसरे स्थान दिले होते. ह्यूजने मात्र टॉमच्या रग्बीतील जीवनाचा आरंभ फुटबॉलने व शेवट क्रिकेटने केला. श्रद्धाळू आर्थरच्या सहवासाने टॉममध्ये घडणारे परिवर्तन आर्नल्डच्या आदर्शाशी सुसंगत आहे खरे. परंतु प्रार्थनेचा प्रसंग वगळता ते पुष्कळसे उपदेशरूपाने येते, तर मैदान प्रत्यक्ष दिसते. त्यामुळे वाचकांच्या मनात मैदानच उरले. कादंबरीचे कलात्मक यश हीच तिची ऐतिहासिक मर्यादा होय.

१८२३ मध्ये विल्यम वेब एलिस चेंडू हातात घेऊन धावला, ही आख्यायिका मॅथ्यू ब्लॉक्समने १८७६ मध्ये प्रसिद्ध केली. १८९५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी तिची चौकशी आरंभिली, तेव्हा आपल्या काळी ही कथा प्रचलित नव्हती, असे खुद्द ह्यूजने कळविले. तरीही एलिसची स्मृतिशिला शाळेत बसविण्यात आलीच. कादंबरीकार ह्यूज ग्राह्य आणि साक्षीदार ह्यूज अग्राह्य, हा न्याय परंपरेस मानवेल. संशोधनास मानवता कामा नये.