नेमणे, निवडणे, तारणे : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील पूर्वनियुक्तीचा प्रश्न

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची समीक्षा दीर्घकाळ एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे : हे वाङ्मय कितपत ‘मराठी’ आणि कितपत ‘ख्रिस्ती’? फादर स्टीफन्सने ओवी स्वीकारली, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग स्वीकारला, एवढे सांगून ‘रूप देशी, आशय परका’ अशी वाटणी केली जाते. टिळकांच्या बाबतीत ती उलटवून आशयही वारकरीच होता, असेही म्हटले जाते. दोन्ही भूमिकांत आशय म्हणजे एकसंध ‘ख्रिस्ती मत’ असे गृहीत धरलेले असते. वस्तुतः ख्रिस्ती परंपरेतील सर्वांत जुना वाद तारणाविषयीच आहे. माणसाचे तारण कोण ठरवतो, केव्हा ठरवतो आणि ठरल्यावर माणसाच्या हाती काय उरते, या तीन प्रश्नांवर ही परंपरा पाचव्या शतकापासून दुभंगलेली आहे. मराठीत आलेला ख्रिस्ती विचार या दुभंगासह आला. त्यामुळे मराठी संहितांनी या तीन प्रश्नांचे काय केले, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या देशीपणाचा निवाडा करणे घाईचे ठरते.

वादाची रूपरेषा थोडक्यात अशी. पेलाजिअसने माणसाच्या नैतिक सामर्थ्यावर भर दिला. ऑगस्टीनने पतित माणसाची इच्छा कृपेवाचून सत्कृत्याकडे वळूच शकत नाही, असे प्रतिपादन केले. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले आणि १५२५ मध्ये ल्यूथरने त्याला इच्छेच्या दास्याचे उत्तर दिले. कॅल्व्हिनने ही भूमिका अधिक कठोर केली : देवाने कोणाला तारायचे आणि कोणाला नाही, हे अनादिकालापासून ठरवले आहे. त्याविरुद्ध आर्मिनिअसच्या अनुयायांनी १६१० मध्ये हरकत नोंदवली. १६१८–१९ च्या डॉर्ट येथील धर्मसभेने ती फेटाळली. पुढे १७३९ मध्ये जॉन वेस्लीने सर्वांसाठी मोकळ्या असलेल्या कृपेचा पुरस्कार केला. कॅथलिक बाजूस ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये कृपेचे आद्यत्व मानूनही माणसाच्या इच्छेला तिच्याशी सहकार्य करण्याची मुभा ठेवली. १५८८ मध्ये मोलिना या जेझुइट पंडिताने ‘मध्यमज्ञाना’ची कल्पना मांडली : कोणत्या परिस्थितीत कोणता माणूस स्वेच्छेने काय करील, हे देव जाणतो. त्याची योजना या ज्ञानावर उभी असल्याने स्वातंत्र्याला बाध येत नाही. यावरून जेझुइट आणि डोमिनिकन यांच्यात पेटलेला वाद पोपने १६०७ मध्ये निर्णय न देताच थांबवला.

महाराष्ट्रात या सर्व शाखा वेगवेगळ्या वाटांनी पोहोचल्या. गोव्यात जेझुइट आले. १८१३ पासून मुंबईत आणि पुढे अहमदनगरला न्यू इंग्लंडच्या कॅल्व्हिनवादी वातावरणात वाढलेले अमेरिकन मिशनरी आले. स्कॉटिश मिशनचे धर्ममत वेस्टमिन्स्टरच्या कबुलीजबाबावर आधारलेले होते आणि त्यात पूर्वनियुक्तीला स्वतंत्र कलम आहे. कोल्हापूरला १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर यांनी सुरू केलेले कार्य पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. सांगली आणि मिरज ही त्याची महत्त्वाची केंद्रे बनली. कृष्णाकाठचा हा पट्टा म्हणूनच प्रस्तुत प्रश्नासाठी विशेष अर्थपूर्ण आहे. औंध संस्थानातील कुंडलसारखे गाव घेतले, तर तेथे पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आहे, भोवताली वारकऱ्यांची परंपरा आहे आणि काही कोसांवर मिशनची केंद्रे होती. जैन कर्मसिद्धांतात फळ देणारा ईश्वरच नाही. कर्म स्वतःच्या नियमाने फळते. वारकऱ्याचा विठ्ठल भक्तासाठी नियम बाजूला ठेवतो. प्रेस्बिटेरियन धर्ममतातला देव जगाच्या उत्पत्तीपूर्वीच निवड करतो. ‘माझे काय होणार, हे आधीच ठरले आहे काय?’ या एकाच प्रश्नाला एकाच परिसरात ही तीन उत्तरे उपलब्ध होती आणि तिन्ही मराठीतच बोलली जात होती.

मराठीत बोलली जात होती, याला येथे महत्त्व आहे. पूर्वनियुक्तीचा सिद्धांत मराठीत आणताना भाषांतरकारांसमोर ‘प्रारब्ध’, ‘दैव’, ‘नियती’, ‘विधिलिखित’ असे शब्द तयार होते. तरी बायबलच्या मराठी भाषांतरात या अर्थासाठी रूढ झाली ती ‘नेमणे’ आणि ‘निवडणे’ ही क्रियापदे. या निवडीकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रारब्धाला कर्ता लागत नाही; ते पूर्वकर्मातून आपोआप उद्भवते. ‘नेमणे’ या क्रियापदाला मात्र नेमणारा लागतो. नेमणूक ही दरबाराची, दप्तराची, कारभाराची संज्ञा आहे. तिच्यात एक अधिकारी व्यक्ती, तिची मर्जी आणि नेमलेल्याकडे सोपवलेले काम अशा तीन गोष्टी अनुस्यूत आहेत. ‘निवडणे’ हा तर धान्याचा, भाजीचा, सुपाचा शब्द. निवडीत घेणे असते तसे टाकणेही असते. कॅल्व्हिनच्या सिद्धांतातील भयाची जागा, म्हणजे न निवडलेल्यांचे काय हा प्रश्न, मराठी क्रियापदाच्या पोटातच शिल्लक राहिली.

‘तारण’ या शब्दाचे वळण याहून विलक्षण आहे. ‘मोक्ष’ आणि ‘मुक्ती’ हे शब्द जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका सूचित करतात. ‘तारण’ हा बुडणाऱ्याला पैलतीरी नेण्याचा शब्द आहे. परंतु शेतकऱ्याच्या व्यवहारात तारण म्हणजे कर्जापोटी सावकाराकडे अडकवलेली जमीन किंवा दागिना. दोन अर्थांची ही शेजारधर्मी वस्ती भाषिक योगायोग असेल. पण ज्याची जमीन तारण पडलेली आहे अशा श्रोत्याला ‘दुसऱ्याने तुझे देणे चुकते केले’ हे वाक्य तत्त्वज्ञान म्हणून समजावून सांगावे लागत नाही. गहाण पडलेली वस्तू स्वतःला सोडवू शकत नाही. इच्छेच्या दास्याचा ल्यूथरी सिद्धांत मराठीत सर्वांत सहज पटतो, तो या व्यावहारिक प्रतिमेतून.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे वळता येईल. प्रारब्ध आणि पूर्वनियुक्ती दोन्ही जन्मापूर्वीच ठरतात, म्हणून दोन्ही एकच, असा समज मराठीत वरचेवर आढळतो. तर्कदृष्ट्या त्या परस्परविरुद्ध आहेत. कर्मसिद्धांतात आजची स्थिती मागील कृत्यांचे न्याय्य फळ असते. म्हणून हीन मानलेल्या जातीत जन्मलेल्याला त्याची जातही त्याच्याच खाती लिहून दाखवता येते. पूर्वनियुक्तीच्या सिद्धांतात निवडीला कृत्यांचा आधार नसतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात याकोब आणि एसाव यांचा दाखला येतो तो नेमका यासाठी : दोघांनी बरेवाईट काहीही केलेले नसताना निवड झालेली होती. युरोपात या सिद्धांताने माणसाचे स्वातंत्र्य हिरावले, अशी तक्रार झाली. मराठी मुलखातील मिशनच्या मंडळ्या बहुतांशी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून उभ्या राहिल्या. तेथे हाच सिद्धांत वेगळा ऐकू येणे शक्य होते. तुझा जन्म तुझ्या पापाची पावती नाही, असे त्यातून निष्पन्न होते. जो सिद्धांत ॲमस्टरडॅमच्या सुखवस्तू नागरिकाला बेडी वाटतो, तो गावकुसाबाहेरच्या माणसाला जामीन वाटू शकतो. सिद्धांताचा अर्थ तो कोणत्या सिद्धांताच्या जागी येतो यावरही अवलंबून असतो.

या दृष्टीने काही प्रमुख संहिता पुन्हा वाचण्याजोग्या आहेत. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले; म्हणजे पोपने वाद थांबवल्यानंतर नऊ वर्षांनी आणि डॉर्टच्या सभेपूर्वी दोन वर्षांनी. स्टीफन्स जेझुइट होता, हे येथे विसरता येत नाही. त्याने पुराणाचा घाट घेतला, त्याचे श्रेय सहसा त्याच्या भाषाप्रेमाला दिले जाते. परंतु पुराण हा संवादाचा घाट आहे. श्रोता शंका विचारतो, गुरू उत्तर देतो आणि श्रवणाने श्रोता बदलतो, असे हा घाट गृहीत धरतो. श्रोत्याच्या इच्छेला काहीच किंमत नसेल, तर पुराण सांगण्याचे प्रयोजनच उरत नाही. स्टीफन्सने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ म्हटले याची चर्चा पुष्कळ झाली. त्याच्या शब्दांइतकाच त्याचा घाटही सहकार्यवादी धर्ममत बोलतो, हे मात्र नोंदवले गेलेले नाही.

बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ याच्या दुसऱ्या टोकाला उभे आहे. पदमनजींचा संबंध स्कॉटिश फ्री चर्चशी होता. शीर्षकच पाहावे : अरुणोदय पाहणाऱ्याच्या प्रयत्नाने होत नाही. बालपणीची कर्मठ भक्ती, वाचन, परमहंस सभेशी आलेला संबंध, सारे काही १८५४ च्या बाप्तिस्म्याकडे आणून सोडणाऱ्या पायऱ्या म्हणून मांडले जाते. आत्मचरित्र शेवटाकडून मागे पाहत लिहिले जाते. त्यामुळे या वाङ्मयप्रकारात पूर्वनियुक्ती हे निवेदनाचेच तत्त्व होऊन बसते. मराठी आत्मचरित्राच्या आरंभीच्या घडणीत या धर्ममताचा वाटा किती, हा प्रश्न अद्याप विचारला जायचा आहे.

पंडिता रमाबाईंच्या १९०७ च्या इंग्रजी साक्षीत या दोन टोकांमधील ताण उघड होतो. शास्त्रे अनेक बाबतींत परस्परांशी विसंगत असली, तरी स्त्रियांच्या आणि शूद्रांच्या अपात्रतेविषयी त्यांचे एकमत आहे, असे त्यांना दिसले होते. मोक्ष त्यांच्यासाठी पुढच्या जन्मावर टाकलेला होता. १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो बुद्धीने पारखून. आपल्या सदसद्विवेकावर कोणाही धर्माधिकाऱ्याची मालकी त्यांनी मानली नाही, हे सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारावरून स्पष्ट होते. आणि तरीही, आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली त्या देतात. सुमारे आठ वर्षांनी त्यांना जे उमगले, त्यात करण्यासारखे काही नव्हते, केवळ घेण्यासारखे होते. इच्छास्वातंत्र्याचा एवढा कडवा आग्रह धरणारी स्त्री कृपेपुढे निःशर्त होते, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. पात्रतेच्या अटींनी जिला आयुष्यभर बाहेर ठेवले, तिला बिनअटीची कृपा हेच स्वातंत्र्याचे रूप वाटले.

टिळकांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १८९५ मध्ये ते खरे ठरले. चरित्रकार या प्रसंगात दैवी योजना पाहतात. पण त्यातच दुसरी गोष्ट आहे : वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून टिळकांनी पुस्तक वाचले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळले. भाकीत आणि दिलेला शब्द, नेमणूक आणि निश्चय एकाच कथेत शेजारी बसले आहेत.

कवितेत मात्र ही शेजारणी एकमेकींशी भांडत नाहीत. टिळकांचा देव निवडतो, टाकीत नाही. रोमकरांस पत्रातील कुंभाराची प्रतिमा येथे कसोटी म्हणून घेता येईल. तेथे मडक्याला कुंभाराशी वाद घालण्याचा अधिकार नाही. मराठी मनात कुंभार म्हटले की गोरोबा उभे राहतात. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली आणि नामदेव कच्चे ठरले. पण कच्चे मडके फेकले गेले नाही. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन परतले. तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगणाऱ्या टिळकांच्या मागे हा दुसरा कुंभार उभा आहे. म्हणून १९१७ मध्ये मिशनपासून अलग होऊन त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना त्यात एकत्र जागा होती. ‘नेमणे’ या शब्दातला दरबार त्यांनी ठेवला, पण दारावरचा पहारा काढून टाकला.

हे धर्मशास्त्रीय शैथिल्य म्हणायचे की सामर्थ्य? भूमिका म्हणून ते सामर्थ्य आहे. काव्य म्हणून त्याची किंमत मोजावी लागली आहे. नाकारले जाण्याची शक्यता वजा केल्यावर आळवणीतली धार बोथट होते आणि ‘अभंगांजली’तील कित्येक रचना गोड आश्वासनावर थांबतात. तुकोबांच्या अभंगाचा ताण देव खरोखरच येणार नाही, या भीतीतून येतो. टिळकांनी अभंगाचा छंद घेतला, ही भीती घेतली नाही. वारकरी प्रभावाची चर्चा करणाऱ्यांनी हा फरक सांगितला पाहिजे.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त मात्र ताण सिद्धांताच्या नावाशिवाय जिवंत आहे. पतीचे धर्मांतर हे त्यांच्यावर कोसळलेले दैव होते. त्यात त्यांना कोणी विचारले नव्हते. बाप्तिस्मा १९०० मध्ये आला. पण त्याआधी विटाळाचा प्रश्न त्यांनी स्वतःशी लढवला आणि जातिभेद सोडण्याचा निर्णय स्वतःच केला. हा निर्णय घडतो तो खाण्यापिण्याच्या, पाण्याच्या, शेजारपाजाराच्या व्यवहारात. टिळकांनी वाट पाहिली, जबरदस्ती केली नाही. देवाची कृपा आणि माणसाची इच्छा यांचा संबंध कसा असावा, याचे मराठीतील सर्वांत समंजस चित्र एखाद्या धर्मविषयक निबंधात सापडत नाही. ते रुसव्याफुगव्यांच्या आणि स्वयंपाकघराच्या या हकीकतीत सापडते.

म्हणून ‘रूप देशी, आशय परका’ ही वाटणी सोडून द्यावी लागेल. कोणी नेमले, कोणाला वगळले आणि नेमलेल्याच्या हाती काय उरले, हे प्रश्न प्रत्येक संहितेला स्वतंत्रपणे विचारले, तर ‘ख्रिस्तपुराण’, ‘अरुणोदय’, ‘अभंगांजली’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांची चार भिन्न उत्तरे हाती येतात. ती चारही ख्रिस्ती आहेत आणि चारही मराठी. त्यांतील भेद दाखवणे हे समीक्षेचे काम आहे; कारण जन्माआधी काय ठरते, हा प्रश्न या समाजात कधीही केवळ धर्मशास्त्राचा नव्हता. कोणी पाणवठ्यावर यावे आणि कोणी येऊ नये, हेही त्याच्याच उत्तरावर ठरत आले आहे.