खोट्या माणसाचा खरा माहितीपट

आज आपण एडमन रॉक यांच्या २००९ सालच्या 'गार्बो: द स्पाय' या स्पॅनिश माहितीपटाबद्दल बोलू. विषय आहे दुसऱ्या महायुद्धातला दुहेरी हेर हुआन पुजोल.

आधी माणूस बघू. १९४१ साली हा बार्सिलोनाचा गृहस्थ लिस्बनमध्ये बसून जर्मनांना कळवत होता, की मी लंडनमध्ये आहे. हाताशी प्रवाशांसाठीचं माहितीपुस्तक आणि नकाशा, एवढंच! ग्लासगोची माणसं लिटरभर वाइनसाठी काहीही करतील, असं त्यानं ठोकून दिलं आणि तेही खपलं. पुढे ब्रिटिशांनी त्याला खरोखरच लंडनला आणलं. टॉमस हॅरिस या अधिकाऱ्याबरोबर त्यानं २७ काल्पनिक हाताखालचे हेर उभे केले. ९ जून १९४४ ला त्यानं कळवलं, की नॉर्मंडी ही फक्त हूल आहे, खरा हल्ला पा-द-कॅलेला होईल. जर्मनांनी तिथलं बरंचसं सैन्य अडवून ठेवलं. बक्षीस म्हणून आयर्न क्रॉस दिला तो वेगळाच. ब्रिटननंही त्याला एमबीई दिला!

आता दिग्दर्शकाची अडचण बघा. हेराचं चित्रीकरण कोण करून ठेवणार? रॉक यांनी जाणकारांच्या मुलाखतींमध्ये जुन्या हेरपटांचे, युद्धपटांचे तुकडे जोडले. आम्हाला ही युक्ती पटते. जर्मनांनीही असेच तुकडे जोडून मनात एक लंडन उभं केलं होतं. पडद्यासमोर आपण त्यांच्याच खुर्चीत बसतो.

पण आमचा आक्षेपही इथेच आहे. खरी युद्धचित्रंही त्याच ओघात येतात. नटाचं मरण आणि सैनिकाचं मरण शेजारी बसलं, की दोन्ही करमणूक होतात. माहितीपटानं तिथे थोडं थांबायला हवं होतं.

कारण पुजोलचं खोटं युद्धाबरोबर संपलं नाही. १९४९ मध्ये अंगोलात मलेरियानं तो वारल्याची बातमी पसरवली गेली आणि तो व्हेनेझुएलात नवा संसार थाटून राहिला. पहिल्या बायकोच्या मुलांना बाप जिवंत असल्याचं कळलं ते १९८४ मध्ये, लेखक नायजेल वेस्ट यांनी त्याला शोधून काढल्यावर. हिटलरच्या अधिकाऱ्यांना फसवणारं आणि पोटच्या पोरांना फसवणारं कसब एकच होतं.

हा माहितीपट जरूर बघा, हसूही येईल. फक्त हसताना ती मुलं विसरू नका, एवढंच आमचं म्हणणं.