जाखडीच्या गाण्यातला भेद

गणेशोत्सवात रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव जाखडी रंगते. मध्ये शाहीर, ढोलकी आणि झांज, भोवती घुंगरू बांधलेल्या नाच्यांचं रिंगण. नवख्याचे डोळे नाचावर खिळतात, पण जाणता रसिक शब्दांकडे कान लावून बसतो. जाखडीतली शक्ती-तुऱ्याची बारी, म्हणजे दोन पक्षांच्या शाहिरांचा सवाल-जवाबाचा सामना, हा मुळात तत्त्वज्ञानाचा वाद आहे. शक्तीवाले आदिमायेला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. सांख्यांचा प्रकृती-पुरुषाचा प्रश्न इथे भातशेती करणारी आणि मुंबईच्या गिरण्यांत राबलेली माणसं गाण्यातून लढवत आली. परळ-लालबागच्या चाळींतही ही परंपरा त्यांनीच जगवली.

या गाण्याचं मर्म त्याच्या भेदात, म्हणजे शब्दांआड दडवलेल्या अर्थात आहे. नऊ दारांचा वाडा म्हटलं की तो देह, हे गीतेच्या पाचव्या अध्यायापासून चालत आलेलं रूपक. पाच म्हटलं की महाभूतं, तीन म्हटलं की गुण, सहा म्हटलं की योग्यांची चक्रं. गौळणीत कृष्ण मथुरेची वाट अडवतो तेव्हा वरवर थट्टा असते, आत जिवा-शिवाची भेट. संत एकनाथांच्या भारुडांनी हीच रीत सोळाव्या शतकात मराठी मनात रुजवली.

अर्थ दडवून गाणं लिहिण्याची ही ओढ जगभर आहे. बॉब डिलनच्या १९६७ मधल्या ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’मध्ये बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचे पडसाद आहेत. लेनर्ड कोहेनच्या १९८४ मधल्या ‘हॅलेलुया’त दावीद राजाची कथा विणलेली आहे. मात्र रॉकमध्ये असा संदर्भ उलगडायचं काम पुढे अभ्यासक करतात. कोकणात ते त्याच रात्री, समोरच्या शाहिराला करावं लागतं. त्याने पुराणातला दाखला देऊन सवाल फोडायचा आणि तितकाच अवघड सवाल परत टाकायचा. प्रतिस्पर्धी हाच समीक्षक, अशी रचना फार थोड्या कलांना लाभली आहे.

आज हीच रचना ढासळते आहे. जाखडीला गर्दी कमी नाही. मुंबईच्या नाट्यगृहांत सामने होतात, तरुण मुलं नाचतात, स्त्रिया शाहीर म्हणून उभ्या राहतात. हे सारं स्वागतार्ह आहे. पण गण-गौळण उरकून बारी लगेच टोमण्यांवर येते. सवालाला जवाब मिळण्याऐवजी समोरच्याच्या रूपावर आणि आवाजावर शेरे येतात. लोकप्रिय सिनेगीतांच्या चाली पूर्वीही घेतल्या जात. चाल उसनी असली तरी चालेल, पण आशय स्वतःचा हवा. टोमणाही या कलेचा जुना हक्काचा भाग आहे, फक्त त्याने सवालाची जागा घेता कामा नये. सवाल उलगडलाच गेला नाही तर पुढचा कवी तो कशाला रचेल?

जाखडी नाच म्हणून सशक्त आहे, काव्य म्हणून क्षीण होते आहे, आणि दोष केवळ शाहिरांचा नाही. ही गाणी हस्तलिखित वह्यांत राहिली, आणि मराठी समीक्षेने त्यांना कवितेचा मान क्वचितच दिला. मंडळांनी प्रत्येक सामन्यात निदान एक फेरी भेदिक सवाल-जवाबासाठी राखून ठेवावी. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी जुन्या शाहिरांकडे बसून त्यांच्या वह्यांतले संदर्भ टिपून घ्यावेत आणि टिपांसह छापावेत. शाहीर हयात आहेत तोवरच हे काम होऊ शकतं.