अनाम लेखणीचा बाजार : ‘द शॅडो स्कॉलर्स’च्या निमित्ताने

एलोइज किंग दिग्दर्शित ‘द शॅडो स्कॉलर्स’ (२०२४) हा माहितीपट निबंधलेखनाच्या ऑनलाईन व्यापाराकडे ग्राहकाच्या नव्हे, तर लेखकाच्या बाजूने पाहतो. ऑक्सफर्डमधील समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया किंगोरी आपल्या जन्मभूमीत, केनियात जातात आणि पाश्चात्त्य विद्यार्थ्यांसाठी निबंध लिहून देणाऱ्या उच्चशिक्षित तरुणांना भेटतात. पदवी आहे, पण नोकरी नाही. विद्वत्ता आहे, पण तिच्यावर नाव दुसऱ्याचे, अशी ही पिढी होय.

ओळख लपविण्यासाठी या लेखकांच्या चेहऱ्यांवर कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेले चेहरे चढविले आहेत. ही केवळ तांत्रिक सोय राहत नाही. ज्याचे लेखन परक्या नावावर गेले, त्याचा चेहराही परकाच दिसावा, यातील उपरोध बोचरा आहे. त्यातच २०२२ च्या अखेरीपासून याच तंत्राने त्यांच्या रोजीरोटीवरही घाला घातला.

तथापि सहानुभूतीचे पारडे लेखकांकडे झुकल्याने विद्यार्थ्याचा अनुभव दुय्यम ठरतो. परक्या भाषेचे दडपण, मुदतीची धास्ती आणि पैसे मोजल्यावरही गुपित फोडण्याची धमकी, हे त्याच्या वाट्याला येते. इंग्लंडच्या २०२२ च्या कायद्याने गुन्हेगार ठरविले ते विक्रेत्याला, हे येथे लक्षणीय आहे.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम साम्याची टक्केवारी मोजतात. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. (झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प नेणारे विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाने पाहिले नाहीत?) परंतु पैसे देऊन नव्याने लिहून घेतलेल्या प्रबंधात साम्य सापडणार तरी कसे?