अलेक्झांड्रियाचें ग्रंथालय कोणीं जाळलें? : एका रूढ प्रश्नाची तपासणी

जगाच्या इतिहासावरील प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका शाळांतून, स्पर्धापरीक्षांच्या तयारींतून व करमणुकीच्या सभांतून सर्वत्र प्रचारांत आहेत. एका ओळीचा प्रश्न व एका ओळीचें उत्तर, असा त्यांचा थाट असतो. अशा पुस्तिकांकडे संशोधकानें तुच्छतेनें पहावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. सन, स्थळ व व्यक्ति हीं तोंडीं असणें उपयोगाचें आहे आणि इतिहासाची गोडी पुष्कळांना अशाच प्रश्नांतून लागते. परंतु कांहीं प्रश्न असे असतात कीं, त्यांचें उत्तरच काय, खुद्द प्रश्नहि पुराव्यावर टिकत नाहीं. असल्या प्रश्नांचा एक ठळक नमुना म्हणून “अलेक्झांड्रियाचें जगप्रसिद्ध ग्रंथालय कोणीं जाळलें?” हा प्रश्न येथें तपासावयास घेतला आहे. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस तरी हा विषय परका वाटूं नये.

या प्रश्नाचीं तीन उत्तरें प्रचलित आहेत. कोणी म्हणतो ज्यूलियस सीझरनें, ख्रि. पू. ४८ मध्यें. कोणी म्हणतो बिशप थिओफिलसनें, इ. स. ३९१ च्या सुमारास. आणि सर्वांत अधिक आवडीनें सांगितलें जाणारें उत्तर असें कीं, खलीफा उमर यांच्या आज्ञेनें, इ. स. ६४२ मध्यें. पहिल्या व शेवटच्या तारखेंत जवळजवळ सातशें वर्षांचें अंतर आहे. एकच वस्तु तीनदां समूळ जळूं शकत नाहीं, एवढी शंका तरी प्रश्नकर्त्यास यावयास हवी होती. आतां एकेक उत्तर त्याच्या आधारासह पाहूं.

(१) प्रथम, काय जळालें? टॉलेमी घराण्याच्या पहिल्या दोन राजांच्या काळीं, म्हणजे ख्रि. पू. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांत, राजवाड्यालगत विद्वानांचें ‘म्यूझियन’ व त्याबरोबर ग्रंथसंग्रह उभा राहिला. ग्रंथ म्हणजे पपायरसच्या गुंडाळ्या. आपल्या पोथीसारखीं सुटीं पानें नव्हेत. एका ग्रंथास अनेक गुंडाळ्या लागत. ग्रंथसंख्येविषयीं मात्र साक्षी एकमेकींशीं जुळत नाहींत. अ‍ॅरिस्टियसच्या नांवावरील पत्रांत दोन लाखांहून अधिक असा आकडा आहे, आणि तें पत्र तो भासवितो त्या काळचें नसून मागाहून रचलेलें आहे, हें आतां सर्वमान्य आहे. दुसऱ्या शतकांतील जेलियस व चौथ्या शतकांतील अमियानस हे सात लाखांवर जातात. संग्रहाची यादी उरली नाहीं. कॅलिमॅकस या कवीनें केलेली ग्रंथकारांची सूची १२० गुंडाळ्यांची होती. तीहि लुप्त झाली. रॉजर बॅग्नल यांनीं २००२ मध्यें हिशेब मांडून दाखविलें कीं, त्या काळापर्यंतच्या ज्ञात ग्रीक ग्रंथकारांचें सारें लेखन गोळा केलें तरी एकेका प्रतीनें लाखांचा आकडा गांठतां येत नाहीं. सारांश, नष्ट झालेल्या वस्तूचें मापच हातीं नाहीं. ज्या संग्रहाची यादी नाहीं, त्याच्या नाशाचे आकडे हवे तितके फुगवितां येतात.

(२) सीझर. ख्रि. पू. ४८ मध्यें अलेक्झांड्रियांत कोंडला गेला असतां त्यानें बंदरांतील जहाजांस व गोदींतील नौकांस आग लावविली, हें तो स्वतःच लिहितो. ग्रंथालयाविषयीं तो अक्षर काढीत नाहीं. आरोपीनें गप्प रहावें यांत नवल नाहीं, म्हणून त्याचें मौन पुरावा धरूं नये. पण त्याच्या पक्षाच्या लेखकानें लिहिलेल्या ‘अलेक्झांड्रियाचें युद्ध’ या ग्रंथाच्या आरंभींच, या शहराच्या इमारतींत लांकूड नसल्यामुळें तीं आगीपासून सुरक्षित होतीं, अशी मल्लीनाथी येते. ती सफाईसारखी वाटते खरी. पुढें सेनेका ग्रंथ जळाल्याचें स्पष्ट सांगतो. येथें हस्तलिखितांच्या अभ्यासकानें थांबावें. सेनेकाच्या हस्तलिखितांतील पाठ चाळीस हजार असा असून कांहीं संपादकांनीं इतर ग्रंथांशीं मेळ घालण्याकरितां तो चार लाख करून छापला. एका दुरुस्तीनें हानि दसपट झाली! प्लूटार्क हा घटनेनंतर सुमारें दीडशें वर्षांनीं मोठें ग्रंथालयच जळालें असें लिहितो. त्याच्याहि मागून आलेला डायो कॅसियस धान्याच्या व ग्रंथांच्या कोठारांस आग लागल्याचें सांगतो. बंदराजवळच्या कोठारांतील ग्रंथ व राजवाड्यालगतचा संग्रह एकच असें गृहीत धरण्यास आधार नाहीं.

याउलट नंतरच्या नोंदी पहाव्या. सीझरनंतर पाव शतकानें स्ट्रॅबो अलेक्झांड्रियांत राहिला व त्यानें म्यूझियनचें चालू संस्था म्हणून वर्णन केलें. क्लॉडियस बादशहानें तेथें आपल्या नांवाची नवी शाखा जोडली. डोमिशियननें (इ. स. ८१–९६) रोममधील जळालेल्या ग्रंथालयांची भरपाई करण्यासाठीं नकला उतरून व ताडून आणण्यास लेखक अलेक्झांड्रियास पाठविले, असें स्वेटोनियस लिहितो. जो संग्रह दीडशें वर्षांपूर्वीं समूळ जळाला, त्यांतून नकला उतरविण्यास कोणी माणसें पाठवीत नाहीं. तेव्हां सीझरच्या आगींत कांहीं ग्रंथ गेले असावेत, सर्व गेले नाहींत, एवढाच निर्णय देतां येतो.

(३) थिओफिलस. इ. स. ३९१ च्या सुमारास ख्रिस्ती जमावानें सेरापिस देवाचें मंदिर पाडलें, ही घटना निर्विवाद आहे. या मंदिरांत पूर्वीं दुय्यम ग्रंथसंग्रह होता, हेंहि खरें. परंतु त्या दिवशीं ग्रंथ जाळले किंवा लुटले असें समकालीन लेखकांपैकीं कोणीच लिहीत नाहीं. रुफिनस ख्रिस्ती, म्हणून तो लपवील असें म्हणावें, तर युनापियस हा त्या धर्माचा कट्टर विरोधक. तो पाडणाऱ्यांची यथेच्छ निंदा करतो, पण ग्रंथांचें नांव काढीत नाहीं. इतका मोठा दोष हातीं असतां शत्रूनें तो वापरूं नये, हें त्याच्या स्वभावास धरून नाहीं. अमियानस याच्या थोडें अगोदर लिहितो व तेथील संग्रहाचा उल्लेख भूतकाळीं करतो. पुढें ओरोसियस हा ख्रिस्ती लेखक देवळांतील रिकामे झालेले ग्रंथांचे खण आपण पाहिल्याचें सांगतो व दोष आपल्याच लोकांकडे घेतो. पण कोणतें देऊळ तें सांगत नाहीं. म्हणून देवालयांतील ग्रंथ त्या काळांत गेले, हें मानावें. एका बिशपानें एका दिवशीं ‘ते’ ग्रंथालय जाळलें, असें मानूं नये. शिवाय राजवाड्याचा जो ब्रुखियन भाग, तोच मुळीं ऑरेलियन बादशहाच्या वेळच्या लढाईंत, इ. स. २७२ च्या सुमारास, उजाड झाला होता.

(४) खलीफा उमर. कथा सर्वश्रुत आहे. सेनापति अम्र इब्न अल्-आस यांनीं शहर घेतल्यावर जॉन नांवाच्या वैयाकरणानें ग्रंथ मागितले. अम्रनें खलीफांस विचारलें. कुराणाशीं जुळत असतील तर अनावश्यक, न जुळत असतील तर घातक, अशा आशयाचें उत्तर आलें. आणि ग्रंथ स्नानगृहांचीं चुल्हाणें पेटविण्यास सहा महिने पुरले. कथा चटकदार आहे खरी, पण तिचा पाया पहावा.

पहिलें, काळ. शहर ६४२ मध्यें अरबांच्या ताब्यांत आलें. ही कथा प्रथम दिसते ती सुमारें १२०० सालीं मिसर देशांत आलेल्या अब्दुल लतीफ अल्-बगदादी यांच्या ओझरत्या उल्लेखांत, व विस्तारानें इब्न अल्-किफ्ती (मृत्यु १२४८) यांच्या ग्रंथांत. म्हणजे साडेपांचशें वर्षें कोणास तिची वार्ताहि नाहीं. बार हेब्रियसनें (१२२६–१२८६) ती संक्षेपानें घेतली, आणि एडवर्ड पोकॉक यांनीं १६६३ मध्यें त्याचा ग्रंथ लॅटिन भाषांतरासह छापल्यावर ती यूरोपभर झाली. दुसरें, मौन. सातव्या शतकाच्या उत्तरार्धांत निकियूचा बिशप जॉन यानें या स्वारीचें वर्णन लिहिलें. त्याचा जेत्यांवर राग होता. त्याचा ग्रंथ इथिओपियाच्या भाषेंतील भाषांतररूपानें व मधून मधून खंडित असा उरला आहे. पण अलेक्झांड्रिया पडल्याचा वृत्तांत त्यांत आहे, आणि ग्रंथदहन नाहीं. नवव्या शतकांतील इब्न अब्दुल हकम व दहाव्या शतकांतील अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष युटिकियस हेहि गप्प आहेत. तिसरें, पात्र. जॉन फिलोपोनसनें प्रोक्लसच्या खंडनार्थ ग्रंथ लिहिला तो ५२९ मध्यें. त्यानंतर ११३ वर्षांनीं त्यानें विजयी सेनापतीशीं संभाषण केलें, हें कोणत्या पंचांगांत बसवावें? चौथें, हिशेब. कथेच्या रूढ रूपांत स्नानगृहें ४,००० आहेत. सहा महिन्यांचे १८० दिवस धरले तर एकूण ७,२०,००० वेळां चूल पेटली. सर्वांत फुगविलेला सात लाखांचा आकडा स्वीकारला तरी प्रत्येक चुलीच्या वांट्यास दिवसास पुरती एक गुंडाळीहि येत नाहीं. तेवढ्यानें पाणी कोमट तरी होईल काय? पांचवें, इब्न खल्दून अशीच गोष्ट इराणांतील ग्रंथांविषयीं व दुसऱ्या सेनापतीविषयीं सांगतो. एकच आज्ञा दोन ठिकाणीं फिरतांना दिसली कीं ती दंतकथा समजावी, हा आपला नेहमींचा नियम येथेंहि लागू करावा.

गिबननें १७८८ मध्यें या कथेवर अविश्वास दाखविला, आल्फ्रेड बटलरनें १९०२ मध्यें ती मुद्देसूद खोडून काढली, व हिंदुस्थानांत शिब्ली नोमानी यांनीं उर्दूंत तिच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. तरीहि ती पुस्तिकांतून जात नाहीं. एका व्यक्तीवर, व तिच्यामागें एका समाजावर, निराधार आरोप ठेवणें हा साधा अनवधानाचा दोष नव्हे. आरोप कोणावर आहे हें पाहून पुराव्याचें वजन ठरवावयाचें नसतें; उलट आरोप जितका मोठा, तितका पुरावा जवळचा मागितला पाहिजे.

(५) मग ग्रंथ गेले कोठें? पपायरस दमट हवेंत टिकत नाहीं, आणि अलेक्झांड्रिया समुद्रकांठीं आहे. गुंडाळी हाताळण्यानें फाटते, ओलीनें कुजते. तिची नक्कल वेळोवेळीं झाली तरच ग्रंथ जगतो. नकलेस लेखक लागतात, लेखकांस वेतन लागतें, वेतनास आश्रयदाता लागतो. टॉलेमी राजांचा उत्साह ओसरला, रोमची सत्ता आली, आश्रय आटला, आणि पुढें ग्रंथ गुंडाळीऐवजीं बांधीव पुस्तकांत उतरवून घेण्याच्या काळीं जे उतरले गेले नाहींत ते मागें पडले. आगींनीं व लढायांनीं या क्षयास हातभार लावला. पण कोणीं नक्कलच केली नाहीं त्या ग्रंथास जाळण्याची गरजच उरत नाहीं.

याचें प्रत्यंतर मिसरच्या भूमींतच मिळतें. १८९६–९७ च्या हिंवाळ्यांत ग्रेनफेल व हंट यांनीं ऑक्सिरिंकस या कोरड्या गांवच्या उकिरड्यांचें खोदकाम आरंभिलें. तेथून सॅफो, सोफोक्लीज व खुद्द कॅलिमॅकस यांच्या लुप्त काव्यांचे तुकडे हातीं आले. ज्यानें राजसंग्रहाची सूची केली, त्याची सूची राजवाड्यांत नाहींशी झाली, आणि त्याची कविता एका गांवच्या केरांत टिकली. कारण तेथें हवा कोरडी होती, इतकेंच.

(६) निष्कर्ष. ‘कोणीं जाळलें?’ हा प्रश्न एकच ग्रंथालय, एकच दिवस व एकच अपराधी गृहीत धरतो. या तिन्ही गोष्टी पुराव्यानें सिद्ध नाहींत. त्याऐवजीं प्रश्नकर्त्यांनीं असें विचारावें: “उमरच्या आज्ञेची कथा घटनेनंतर किती वर्षांनीं प्रथम लिहिली गेली?” उत्तर एका ओळींतच बसतें, पाठहि होतें, आणि विद्यार्थ्यास साधनें पाहण्याची संवय लागते.

संग्राहकांस आणखी एक विनंति. दफ्तर नाहींसें झालें कीं आगीकडे किंवा परचक्राकडे बोट दाखविण्याचा मोह आपणांसहि होतो. अपराधी सांपडला कीं बाकीचे सारे निर्दोष ठरतात. पोथी उन्हांत न घालणारा, वाळवी न पाहणारा, आणि ‘पुढें केव्हां तरी नक्कल करूं’ असें म्हणणारा, हे सर्व सुटतात. अलेक्झांड्रियांत बहुधा अशांचीच संख्या मोठी होती. आपल्या संग्रहांतील जीं हस्तलिखितें एकाच प्रतींत उरलीं आहेत, त्यांची यादी व नक्कल या वर्षांत व्हावी, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.